तिकडच्या चांद्याची मशीद

मला वाचवलं ते आमच्या घरमालकांनी. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई उपकार विसरून स्वतःचीच हकिकत सांगत बसली. ते वनखात्यात सर्वेअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. चंद्रपुरात पठाणपुरा गेटच्या आतल्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि मागे एक पत्र्याची खोली. त्या पत्र्याच्या खोलीत मी चार वर्षं राहिले. सगळा मोहल्ला त्यांना भाऊ म्हणायचा, मीही भाऊच म्हणायचे. नाव लिहीत नाही. स्वतःच्या पुस्तकावरसुद्धा त्यांनी नाव बारीक टायपात टाकायला लावलं होतं.

मी सिरोंच्याच्या पलीकडची. घरी तेलुगू, शाळेत मराठी. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद, आणि त्यात आईचं आजारपण. पुढे अहेरीला मावशीकडे राहून मराठी टायपिंग शिकले आणि त्या जोरावर चंद्रपूरला आले. कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या मालकांनी विचारलं, "दहावी झाली ना?" मी हो म्हटलं. खोटं एका शब्दाचंच, पण ते सारखं छातीवर बसून असायचं. दुकानात कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, कळलं यांना.

खोली बघायला गेले तेव्हा भाऊंनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा.

"सिरोंच्याकडे," मी म्हटलं.

"कडे म्हणजे कुठी? सिरोंच्यापासून कोणत्या दिशेले?"

मला सांगता येईना. मी हात करून दाखवला, त्या बाजूला.

"हात तं तुमचा उलटा, चिमूरकडं आहे, बाई," ते म्हणाले, आणि माझा हात तसाच धरून ठेवायला सांगून त्यांनी शर्टाच्या खिशातून होकायंत्र काढलं. लोक खिशात पेन ठेवतात तसं ते होकायंत्र ठेवत. काळ्या दोऱ्यानं गुंडीला बांधलेलं. माझा हात त्यांनी हळूहळू फिरवला आणि एका जागी थांबवला. "हे इकडं तुमचं घर. रोज सकाळी उठल्यावर इकडं पाहत जा. करमन."

मग आत येऊन त्यांनी खोलीतल्या खाटेवर ते यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "खाट अकरा अंश वाकडी आहे. राहू द्या. झोप येते."

त्या घरात 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. कुणी म्हटलं की अंदाजे चार वाजता येतो, तर भाऊ विचारायचे, "म्हणजे किती?" नवखा माणूस बसस्टँड विचारायला थांबला तर ते सांगायचे, "उत्तरेले तीनशे चाळीस पावलं, मंग ईशान्येले वळा," आणि तो बिचारा हो हो करून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जायचा. पानवाला म्हणायचा, "त्यायले नका विचारू. बरोबर पोचाल, पण तोवर गाडी निघून जाईन." दारावर येणारी भाजीवाली तर रोज थट्टा करायची. "भाऊ, वांगे तोलून देऊ का मोजून देऊ?"

"दोन्ही करा," भाऊ म्हणायचे. अगदी गंभीरपणे.

मी एकदा विचारलं, एवढं काय त्या अंदाजाचं. ते दाढी करत होते. आरशातूनच बोलले. "जंगलात अंदाजानं चालणारे लोकं मी शोधून आणले आहेत, बाई. दोनदा. एकदा जिता सापडला, एकदा नाई."

मग पुन्हा वस्तरा चालू.

त्यांच्या पुढच्या खोलीत नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळ्या होत्या, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, दहा-बारा. प्रत्येकीवर खडूनं एकच शब्द लिहिलेला, मशीद. मी सुरुवातीला समजले की खात्याच्या मोजणीचं काहीतरी काम असेल. ते तसं नव्हतं.

नोकरीत असताना बल्लारपूरच्या लाकूड डेपोवर त्यांना एका म्हाताऱ्या ठेकेदारानं सांगितलं होतं की विलायतेत एक कोळशाचं बंदर आहे. तिथे फार पूर्वी जहाजावरच्या खलाशांनी एक मशीद केली, त्या मुलुखातल्या अगदी जुन्या मशिदींतली. आणि तिचं दार आपल्या आल्लापल्लीच्या सागाचं आहे. ऐकणाऱ्या सगळ्यांना आनंद झाला आणि सगळे चहाला गेले. भाऊ तेवढे मागे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मोजलं कोणी?" तिथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो तीस वर्षं चालला. त्या शहराचं नाव ते घेत नसत. कोळसा इथेही आणि तिथेही, म्हणून ते त्याला 'तिकडचं चांदा' म्हणायचे. चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात.

लोक विचारायचे, तुम्ही हिंदू माणूस, मशिदीचं काय घेऊन बसले? भाऊंचं उत्तर ठरलेलं. "मी सर्वेअर आहो. मले फक्त भिंती दिसतेत."

त्या दाराची गोष्ट माझ्या समोर घडली नाही, पण इतक्या जणांकडून ऐकली आहे की पाहिल्यासारखी वाटते. मशिदीचं मूळ घर केव्हाच पाडलं गेलं होतं, पण दार नव्या इमारतीत जपून ठेवलं होतं. तिथल्या रखवालदारानं भाऊंच्या विनंतीवरून दाराच्या खालच्या अंगाची एक ढलपी काढली आणि पाकिटातून पाठवली. नखाएवढी. भाऊ ती घेऊन बल्लारपूरच्या एका वयस्कर सुतारांकडे गेले. सुतारांनी ती नखानं खरवडली, हुंगली, जिभेला लावली.

"भाऊ, हे साग नाई."

"पक्कं?"

"साठ वर्षं सागाचा भुसा नाकात गेला माह्या. सागाले तेल राहते. हे तिकडचंच कायचं तरी हलकं लाकूड आहे."

सुतार सांगायचे की एवढं ऐकून भाऊंचा चेहरा उजळला. आपली गोष्ट खोटी निघाली म्हणून खूश होणारा माणूस त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता. गावात मात्र लोक नाराज झाले. एका वार्ताहरानं तर बातमी तयार ठेवली होती. तो घरी येऊन म्हणाला, "भाऊ, 'असं म्हणतात' एवढं तं लिवू द्या. त्यात तुमचं काय जाते?"

"कोण म्हणते त्याचं नाव सांगा," भाऊ म्हणाले, "मी त्याच्याकडं जातो."

दार आपलं नाही हे ठरलं, पण भाऊ थांबले नाहीत. "तोवर खोली अर्धी मोजून झाली होती, ती काऊन सोडू?" असं त्यांचं म्हणणं.

ही खोली म्हणजे ती मशीद. घुमट नाही, मिनार नाही. बंदराच्या रस्त्यावर खलाशांसाठी एक खानावळ होती. वर राहायची सोय, खाली जेवणाची. चालवणारा आधी जहाजावर स्वयंपाकी होता. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारी माणसं कुठून कुठून आलेली असायची, अरबस्तानातली, बंगालची, काही कोकणातलीसुद्धा. एक जहाज सुटलं की दुसरं मिळेपर्यंत ती तिथे पडून राहायची. शुक्रवारी टेबलं भिंतीला लावून समोरच्या खोलीत चटया अंथरत. झाली मशीद. घर पाडलेलं असलं तरी भाऊंनी पत्र पाठवून तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या नकाशावरून त्या खोलीची लांबी-रुंदी मागवली होती आणि नकाशाच्या कापडावर ती खोली काढली होती. घराच्या भिंती रस्त्याला धरून, रस्ता बंदराला धरून, आणि मक्केची दिशा या सगळ्यांना तिरपी. म्हणून चटया खोलीत कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तिरप्या अंथरायच्या. भाऊंनी हिशोब केला होता. सरळ अंथरल्या तर एकोणीस माणसं मावतात, तिरप्या अंथरल्या तर चौदा. उरलेली पाच जिन्यावर.

"पाच लोकं जिन्यावर बसले, पण चटई सरळ नाई केली," ते बोटानं तो जिना दाखवायचे. "याले म्हणते मोजणी."

शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, नगरपालिकेनं परवानगी नाकारली. खानावळवाल्याची बायको तिथलीच, ख्रिस्ती घरातली. तीच दर खेपेला कचेरीत जाऊन भांडायची. पुढे घर पाडलं गेलं आणि दुसरीकडे नीट मशीद झाली. एवढाच इतिहास. पण त्यातली प्रत्येक ओळ भाऊंनी कुणाच्या तरी पत्रावरून पडताळलेली होती. पत्र उर्दूत किंवा अरबीत आलं की ते घेऊन वरोऱ्याला गार्डचाचांकडे जायचे. गार्डचाचा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, भाऊंचे जुने स्नेही. दोघं अंगणात बसायचे, चाचा वाचायचे, भाऊ लिहून घ्यायचे, आणि एका शब्दावरून दोघांचं दुपारभर वाजायचं.

पुस्तक करायचं ठरलं तेव्हा छपाईचं काम आमच्या दुकानमालकांनी घेतलं आणि टायपिंग माझ्याकडे आलं. मालकांना पुस्तकाच्या नावात 'युरोपातली पहिली मशीद' हवं होतं. भाऊ म्हणाले, "बाकीच्या मोजल्या कोणी?" आणि नाव ठेवलं 'एका मशिदीची मोजणी'. मालक मला म्हणाले, "याची एक प्रत खपली तं मिशा काढून ठेवतो."

आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्या दुकानात विक्रीखतं टाइप होतात. विक्रीखतात जागेची चतुःसीमा लिहावी लागते, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, असं. एकदा एका कारकुनानं रस्ता पूर्वेला लिहून आणला होता. मी जुना कागद पाहून तो पश्चिमेला केला, आणि मालकांनी चार वकिलांसमोर माझं कौतुक केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हुशार म्हटलं होतं. तेव्हापासून कागदात दिशा आली की मी ती तपासायचे. न सांगता.

भाऊंच्या हस्तलिखितात सारखं यायचं की नमाजाची दिशा आग्नेय. चटया आग्नेयेकडे. इमाम आग्नेयेकडे तोंड करून. मी थांबले. सिरोंच्याच्या बाजारातली मशीद मी लहानपणापासून पाहिलेली, चंद्रपुरातल्याही पाहिलेल्या. सगळ्यांचं तोंड पश्चिमेला. मक्का पश्चिमेला असते हे आमच्याकडे शाळा न शिकलेल्यालाही माहीत आहे. त्याच महिन्यात भाऊंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हस्तलिखितात पान क्रमांक दोनदा आला होता, एके ठिकाणी शब्द सुटला होता. मला वाटलं, वय झालं. मी कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे आग्नेय आहे तिथे पश्चिम कर. एका बटणात सात जागा बदलल्या.

इथवर अजाणतेपणा म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

प्रूफं आली. बारीक छापील अक्षर भाऊंना दिसत नव्हतं, स्वतःचं जाड निबाचं अक्षर मात्र ते वाचू शकत. म्हणून त्यांनी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि मी प्रुफावर बोट ठेवून ताडून पाहायचं, असं ठरलं. ते वाचत होते, आग्नेय. माझं बोट होतं पश्चिम या शब्दावर. सातही वेळा. मी काही बोलले नाही. आता चूक दाखवली तर त्यांना वाईट वाटेल, गुपचूप सुधारून दिलेलंच बरं, असं मला वाटलं. सातव्या वेळेला तर मला त्यांची दया आली होती. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

"जमलं?" त्यांनी विचारलं.

"जमलं," मी म्हटलं.

प्रकाशन एका वाचनालयाच्या सभागृहात झालं. वनखात्यातले निवृत्त लोक, बल्लारपूरचे सुतार, आमचे दुकानमालक, वरोऱ्याहून गार्डचाचा, चिमूर-पोंभुर्ण्याकडचे काही शिक्षक, अशी तीस-पस्तीस माणसं. भाषणं झाली, पुस्तकं वाटली, मी चहाचे कप फिरवत होते. गार्डचाचा चष्मा लावून पानं उलटत होते. ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, हे काय लिवलं? तिथून काबा पश्चिमेले कसा येईन? पश्चिमेले तं समुद्र आहे तिथी. त्यायनं तिकडं तोंड केलं तं अमेरिकेकडं नमाज होऊन राह्यली."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "होकायंत्र बिघडलं वाट्टे भाऊचं."

"त्या चटया बी मंग उलट्याच पडल्या म्हणा की," दुसरा म्हणाला, आणि पुन्हा हशा.

भाऊंनी पुस्तक डोळ्याजवळ नेलं, दिसलं नाही, चाचांना म्हणाले, "वाचा." चाचांनी वाचलं. आता ते हसत नव्हते. भाऊंनी दुसरं पान काढायला लावलं, तेही वाचलं. तोवर आमचे मालक उठून उभे राहिले होते. ते माझ्याकडे पाहत होते.

"भाऊ, टायपिंगची चूक तं नाई ना?" त्यांनी विचारलं. "तसं असन तं आत्ताच सांगा. असं माणूस मी दुकानात ठेवत नाई."

भाऊंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात हस्तलिखित होतं, मी सकाळी माझ्या हातानं ठेवलेलं. त्यांचा हात पिशवीवर होता. पिशवी उघडली असती की झालं असतं. माझी नोकरी, खोली, दर महिन्याला आईला जाणारं औषध, सगळं त्या पिशवीच्या गाठीशी होतं. मी कपाचा ट्रे धरून उभी होते.

"नाई," भाऊ म्हणाले. "मीच तसं लिवलं होतं. चूक माही आहे."

मालक बसले. मागच्या रांगेत खाकरल्याचे, हसू दाबल्याचे आवाज आले. वार्ताहर, तोच तो, वहीत काहीतरी लिहीत होता. भाऊंनी सगळ्यांना हात जोडले आणि कार्यक्रम संपल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं.

घरी आलो. मी खोलीत जाऊन पेटी भरायला काढली. काढून टाकतील त्याआधी आपणच निघावं, असं मनात. मग वाटलं, निदान सांगून तरी जावं. पुढच्या खोलीत गेले तर ते संत्रं हातात घेऊन बसले होते.

"भाऊ, तुम्ही आग्नेय म्हणून राह्यले होते ते मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "सातही वेळा. तरी मी बोलली नाई."

"काऊन?"

"मले वाटलं तुमचंच चुकलं. आपल्याकडं सगळ्या मशिदीचं तोंड पश्चिमेलेच राहते."

"मंग विचाराचं होतं."

"तुम्हाले वाईट वाटन म्हणून भ्याली."

"माह्या चुका दाखवाले लोकं वरोऱ्यावरून येतेत," ते म्हणाले, "अन् तुम्ही मागच्या खोलीत राहून गप्प." मग त्यांनी मला समोर बसवलं आणि पेनानं संत्र्यावर तीन ठिपके काढले. "हे आपलं चांदा. हे तिकडचं चांदा. अन् हे मधात मक्का. आपण इकडून पाहतो, ते तिकडून पाहतेत. आपल्याले पश्चिम आहे, त्यायले आग्नेय आहे. अन् आपलंही नेमकं पश्चिम नाई, थोडं उत्तरेकडं सरकलेलं आहे, पण ते जाऊ द्या."

मी ते संत्रं हातात घेऊन फिरवून पाहिलं. इतकं सोपं होतं.

"बाई, दहावी नाई झाली ना तुमची?"

मी मान खाली घातली. "आठवी सोडली."

"मंग पुढचं भूगोलाचं पुस्तक वाचाचं राह्यलं. ते वाचा लागन."

"मालकाले सांगान का?"

"त्यानं मले टायपिंगचं विचारलं. शाळेचं कुठी विचारलं?"

टायपिंगचं विचारलं होतं आणि त्याचंही खरं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. दारासाठी 'असं म्हणतात' एवढंसुद्धा लिहू न देणारा माणूस. मी विचारलं, भाऊ, तुम्ही तसं काऊन म्हटलं? त्यांनी कुणाकुणाला पुस्तक गेलं त्याची यादी काढायला सांगितली, आणि पेटी जागेवर ठेवायला.

पुढचे सहा-सात रविवार आम्ही एसटीनं फिरलो. वाटलेली प्रत्येक प्रत शोधायची, मी पश्चिम खोडून वर आग्नेय लिहायचं, आणि भाऊंनी समासात सही करायची. न वाटलेल्या प्रती घरी होत्या, त्या मी आठवड्यात संध्याकाळी बसून दुरुस्त केल्या. चिमूरच्या एका शिक्षकांनी आम्हाला पोहे दिले आणि म्हणाले, "भाऊ, कोण तिथी जाऊन पाह्यते? राहू द्या ना."

"तिथले लोकं तिथीच राहतेत ना," भाऊ म्हणाले. "ते रोज पाह्यतेत."

पोंभुर्ण्यात एकानं पुस्तक उघडलंच नव्हतं, त्याला उलट आनंद झाला की लेखक घरी आला. एका गावी पुस्तकाची पानं फाडून पोरांनी होड्या केल्या होत्या. भाऊंनी नीट विचारून घेतलं, कोणती पानं. चुकीची त्यात तीन होती. "चला, तीन जागा कमी झाल्या," ते म्हणाले. वरोऱ्याला गार्डचाचांनी प्रत पुढे केली, मी खोडत असताना ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग भाऊंकडे पाहिलं. त्यांना तीस वर्षं भाऊंचं अक्षर माहीत होतं, आणि भाऊ दिशा चुकणारा माणूस नाही हेही. पण त्यांनी एवढंच विचारलं, "चहा घेतेस ना बेटी?"

एक प्रत तिकडच्या रखवालदाराला पाठवायची होती. त्यातही भाऊंनी सातही जागा दुरुस्त करायला लावल्या आणि आत इंग्रजीत चिठ्ठी ठेवली. मी म्हटलं, "पण भाऊ, त्याले मराठी वाचता येत नाई."

"त्याले नाई येत," ते म्हणाले, "पुस्तकाले येते ना."

आता भाऊ हैदराबादला मुलीकडे असतात. एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो. मी फोन करते तेव्हा ते विचारतात, कुठून बोलून राह्यल्या? मी दुकानातून म्हटलं की विचारतात, तोंड कोणत्या दिशेले? मला आता सांगता येतं.

मी त्याच दुकानात आहे. मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला कधी पगारासाठी थांबवलं नाही, आई दवाखान्यात होती तेव्हा सुट्टीही दिली. पण एखाद्या विक्रीखतात दिशा चुकली की ते गिऱ्हाइकाला हसून सांगतात, "नीट पाहा बावा, नाई तं आमच्या सर्वेअर भाऊसारखं होईन. आयुष्यभर जंगल मोजलं, अन् मशीद उलटी करून ठेवली." गिऱ्हाईक हसतं. चहा देणारा हसतो. मी टाइप करत राहते. दर खेपेला वाटतं आता बोलावं, आणि दर खेपेला मी पुढची ओळ टाइप करते. गावी माझा धाकटा भाऊ आहे तो अजून शिकतोय, आईचं औषध माझ्यावर आहे. भीती तेवढीच आहे जेवढी त्या सभागृहात होती.

यंदा मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आहे. भूगोलाचं पुस्तक आणलं आहे. भाऊंच्या मुलीचा फोन होता की प्रती संपल्या, बाबांच्या हयातीत पुन्हा छापू. टायपिंग मीच करणार हे मी तिला सांगून ठेवलं आहे. त्या आवृत्तीत पहिल्याच पानावर एक ओळ असेल, माझ्या नावानिशी आणि गावानिशी: आधीच्या छपाईत दिशा चुकली होती, लेखकानं बरोबर लिहिली होती, टाइप करणारीनं बदलली. छापायला जाण्याआधी ते पान मी मालकांच्या टेबलावर ठेवीन आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन. मग ते काय करायचं ते करोत.

आज एवढं बळ नाही. पण भाऊ, माझी चूक तुमच्या नावावर पडून आहे, ती मी एक दिवस येऊन परत नेणार आहे.